लिंबाची साल, मिरी, कैरीचा चीक

आधीच सांगते, गांजा या शब्दाचा मला लहानपणापासून तिटकारा. मी नाशिकची. घाटावर धुनी पेटवून बसलेले लालबुंद डोळ्यांचे साधू दिसले की आई माझा हात घट्ट धरायची आणि भराभर पावलं उचलायची. आमच्या गल्लीत कुणाचा मुलगा वाया गेला असं म्हणायचं असलं की त्याला 'गांजेकस' म्हणत, मग त्याने आयुष्यात बिडी का पाहिलेली नसेना. पुढे मी फार्मसी शिकले, लग्न करून अमेरिकेत आले, इथल्या परीक्षा दिल्या आणि मिशिगनमधल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत तीस वर्षं नोकरी केली. लिहून आलेल्या डोसमधल्या चुका पकडायच्या, हे माझं काम. त्या कामाने माणूस खडूस होतो. आमचे हे म्हणतात, तू आधीपासूनच होतीस.

तर अशा माझ्या घरात, मागच्या काचेच्या खोलीत, तुळशीच्या कुंडीशेजारी गांजाचं झाड येऊन बसलं. आमच्या राज्यात घरी लावायला कायद्याने परवानगी आहे. रस्त्यावरून दिसता कामा नये आणि खोलीला कुलूप हवं, इतकंच. मुलगी दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला असते. तिला फोनवर सांगितलं तर ती आधी किंचाळली आणि मग पोट धरून हसत सुटली. "आई, यू? ओ माय गॉड, तू?"

हो, मी. कारण ह्यांचं जेवण तुटलं होतं.

केमो संपून तीन महिने झाले होते. रिपोर्ट चांगले होते, पण जीभ गेली ती गेलीच. सगळं लोखंडासारखं लागतं म्हणायचे. हा माणूस जन्मभर गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, पण खरा जीव खाण्यात. थालीपिठाच्या भोकात तेल नीट सुटलं नाही तर ते दुरून ओळखणारा. मी पिठलं करून पाहिलं, मुगाची खिचडी केली, आंबट वरण, टोमॅटोचं सार, काय काय केलं. दोन घास घ्यायचे आणि एका बोटाने ताट हळूच पुढे सरकवायचे, अगदी सभ्यपणे. त्या बोटाचा मला इतका राग यायचा की सांगता सोय नाही. एकदा तर ओरडलेच, "अहो, फेकून द्या ना सरळ, सरकवता काय!"

शेजारी एक गृहस्थ राहतात. गोरे, पंचाहत्तरी ओलांडलेले, पांढरी दाढी, सगळं आयुष्य गाड्यांच्या कारखान्यात असेंब्लीवर गेलेलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. वीस वर्षांची आमची कुंपणावरची ओळख: ते आमच्या दारापुढचा बर्फ काढणार, मी दिवाळीला चकल्या देणार, ते त्या बिअरबरोबर खाणार. मागच्या वर्षी वसंतात ते कुंपणाशी आले आणि म्हणाले, "तुमचे मिस्टर फार वाळलेत." मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या बायकोलाही जेवण जात नव्हतं. या, काहीतरी दाखवतो."

ते काय दाखवणार हे कळायला मला तळघराचा जिना उतरावा लागला. नाक मी आधीच मुरडून ठेवलं होतं. त्यांनी आतलं दार उघडलं आणि वास आला. काय सांगू! आधी लिंबाची साल, नखाने नुकती खरवडल्यासारखी. तिच्यामागून मिरी, ताजी कुटलेली. आणि सगळ्यांच्या खाली, अगदी तळाशी, कैरीचा चीक. देठ मोडला की हाताला लागतो, चटका देतो, तो चीक. चाळीस वर्षांत मला तो वास आला नव्हता. इथे मिळणाऱ्या कैऱ्यांना देठच नसतो. मी दारातच उभी राहून "अगं बाई!" म्हणाले. त्यांना वाटलं मी घाबरले.

दिव्यांखाली सहा झाडं होती, कमरेएवढी, भरगच्च. त्यांनी माझ्या हातात सोनारासारखं एक भिंग दिलं आणि म्हणाले, फुलाजवळ धरा. मी धरलं. त्या फुलाच्या इंच न् इंच जागेवर काचेच्या बारीक काड्या उभ्या होत्या आणि प्रत्येक काडीच्या टोकावर एक गोल थेंब. काही थेंब पाण्यासारखे स्वच्छ, काही दुधाळ, एखाद-दुसरा मधाच्या रंगाचा. "वास त्या थेंबांत असतो," ते म्हणाले. "औषधही त्यांतच. सगळे दुधाळ झाले की झाड तयार." मी आयुष्यभर गोळ्या मोजल्या. एक गोळी दुसरीसारखी निघावी म्हणून कारखान्यात केवढी यंत्रं आणि केवढी माणसं लागतात ते मी पाहिलंय. आणि इथे एका फुलावर हजारो थेंब भरून ठेवलेले, आणि भरणारं कुणी नाही. माझी मान भिंगावरून वर येईना. ते बिचारे हातात कॉफी घेऊन थांबून राहिले.

मग त्यांनी या झाडाची जन्मकथा सांगितली. एका बाजूचा वंश थंड डोंगरातला: बुटका, रुंद पानांचा, माणसाला झोपवणारा. दुसऱ्या बाजूचा उष्ण देशातला: उंच, बांबूसारखा वाढणारा, पानं बोटांसारखी निमुळती, माणसाला जागं ठेवणारा. या दोघांचा त्यांनी स्वतः संकर केला आणि बी पेरलं. तीसेक रोपं आली. "एकाच आईबापांची तीस मुलं," ते म्हणाले, "आणि एक दुसऱ्यासारखं नाही." एक छताला लागलं. एकाला ओल्या कुत्र्याचा वास. एक चांगलं होतं, पण खाल्ल्यावर छातीत धडधडायचं. त्यांची बायको तेव्हा आजारी होती. ती खुर्ची टाकून बसायची आणि प्रत्येक रोपाचं खोड दोन बोटांनी चोळून बोटं हुंगायची, कारण फुलं यायच्या आधी वास फक्त असाच कळतो. असं करत करत ती एका रोपापाशी आली, बोटं हुंगली आणि म्हणाली, "मला भूक लागलीये."

किती तरी आठवड्यांनी तिने तो शब्द उच्चारला होता. तिने आइस्क्रीमची एक काडी घेतली, त्यावर पेन्सिलीने 'हे ठेवायचं' असं लिहिलं आणि त्या कुंडीत खोचली. बाकीची रोपं त्यांनी काढून टाकली.

"मग याचं बी धरलंत का?" मी विचारलं. हसले. म्हणाले, बी धरलं तर पुन्हा तीस वेगळी निघतील आणि त्यांत हे नसेल. हेच हवं असेल तर याचीच फांदी कापून लावायची. ती मोठी झाली की तिची फांदी. असं वीसहून जास्त वर्षं चाललंय. म्हणजे समोर दिसत होती सहा, पण झाड एकच. ती गेली, तिने हात लावलेलं झाड मात्र अजून इथे उभं होतं, कोवळ्या पानांचं, काल उगवल्यासारखं. झाड म्हातारं होत नाही, फक्त कुणीतरी फांदी लावत राहिलं पाहिजे. मी वाकून कुंडीतली काडी पाहिली. काडी तीच होती. पेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

ह्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रोग याने बरा होत नाही, पण भुकेसाठी काही जणांना उपयोग होतो, जपून घ्या. ओढण्याचा प्रश्नच नव्हता. शेजाऱ्यांनी वाळवलेली फुलं दिली, ती त्यांनी दाखवलं तशी मी साजूक तुपात उतरवली आणि डोस असा मोजला की माझ्या जुन्या साहेबांनीही शाबासकी दिली असती. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हे टीव्हीवर हवामानाचा अंदाज बघत होते आणि अचानक एकटेच खुदकन हसले. मी म्हटलं, झालं, चढली! तर म्हणाले, "अगं, मेतकूट आहे का गं? भात टाकतेस का थोडा?" मऊ भात, मेतकूट, वर तूप. सगळा संपवला आणि ताट पुढे केलं. या वेळी सरकवण्यासाठी नव्हे, वाढून घेण्यासाठी. मी भात वाढला आणि बेसिनचा नळ सोडून त्याच्याकडे तोंड करून रडले.

मे महिन्यात शेजाऱ्यांनी मुळं धरलेली एक फांदी मला कुंडीत लावून दिली. "तुमची तुम्हाला असू दे," म्हणाले. मी ती काचेच्या खोलीत तुळशीशेजारी ठेवली. मी तिला पाणी घालायचे आणि रोज काहीतरी नवीन पाहायचे. पान पंजासारखं, पाच बोटांचं; खालची पानं डोंगरातल्या वंशासारखी रुंद, शेंड्याकडची निमुळती. एकाच अंगावर दोन्ही घराणी नांदत होती, आणि भांडण नाही! आमच्याकडे माहेर-सासरचे दोन पाहुणे एका दिवाणखान्यात बसले तर मला चहा तीन वेळा करावा लागतो.

जुलैत त्यांच्या तळघरात कीड आली. इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही, पण पानं जाळीसारखी झाली. त्यांनी सगळी झाडं काढून जाळली. पुन्हा नवं लावायचं तर आधी तळघर धुऊन काढायला हवं. ती काडी मला आणून दिली. "आता हे तेवढं एकच राहिलंय," म्हणाले. "ऑगस्टच्या अखेरीस शेंड्यांवर पांढरे धागे दिसतील. त्याआधी येऊन मी याच्या फांद्या घेतो." काडी मी आमच्या कुंडीत खोचली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते पन्हाळी साफ करायला शिडीवर चढले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटल, मग व्यायाम करवून घेणारं ते दुसरं ठिकाण, दोन महिने.

आणि आता माझा पराक्रम ऐका.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या, हे मला आईने शिकवलं. मंजिऱ्या वाढू दिल्या की तुळस बियाला लागते आणि वाळते. रोज आंघोळ झाली की पाणी घालायचं आणि दोन बोटांनी मंजिऱ्या खुडायच्या. हात पन्नास वर्षं ते करतोय, डोक्याला विचारत नाही. त्या वर्षी गणपती जवळ आले होते. घरात पाहुणे, मोदकांची तयारी, तोंडाने अथर्वशीर्ष आणि मनात नारळ किती आणायचे. अशा त्या सकाळी तुळशीच्या मंजिऱ्या खुडून झाल्या आणि हात शेजारच्या कुंडीवर गेला. तिच्या शेंड्यांवरही बारीक पांढऱ्या धाग्यांचे तुरे आले होते. खुडले. दुसऱ्या दिवशी खालच्या फांद्यांवरचे खुडले. चौथ्या दिवसापर्यंत मी एकही तुरा शिल्लक ठेवला नाही. पानांसकट, दोन बोटं लांबीचे शेंडे, छान स्वच्छ खुडले. झाड कसं सुटसुटीत दिसायला लागलं म्हणून मी स्वतःवर खूश.

खुडलेलं टाकायचं कुठे? गणपतीला तुळस चालत नाही, आणि केराच्या डब्यात तर मी जन्मात टाकणार नाही. निर्माल्य सोडायला इथे गोदावरी कुठून आणू? म्हणून मी एक प्लॅस्टिकचा टब ठेवलाय. देवावरची फुलं, दूर्वा, मंजिऱ्या, सगळं त्यात जातं, वर मूठभर माती. चिलटं होतात म्हणून हे कुरकुरतात, म्हणून पारदर्शक झाकण लावून तो टब कपडे धुण्याच्या खोलीत, फळीवर, दिव्याच्या अगदी खाली असतो. आणि त्या खोलीतला दिवा हे कधीही बंद करत नाहीत. त्यावरून मी ह्यांना किती वर्षं बोलतेय याची मोजदाद नाही. गणपती गेले, मी टबात शेवटची माती घातली, झाकण लावलं आणि विसरले.

सप्टेंबरमध्ये शेजाऱ्यांचा फोन आला. आवाज थकलेला, पण उत्साही. "पांढरे धागे आले असतील ना आता प्रत्येक शेंड्यावर? हरकत नाही, फुलावर आलेल्या झाडाच्याही फांद्या लागतात. फक्त त्यांना हात लावू नका. मी आलोच तीन आठवड्यांत." मी "हो हो" म्हटलं, फोन ठेवला आणि कुंडीपाशी जाऊन उभी राहिले. तुरे म्हणजे फूल. फूल म्हणजे ते काचेचे थेंब, ह्यांचं तूप, सगळं. आणि फांद्या घ्यायला शेंडेच ठेवले नव्हते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, आणि स्वतःच्या हाताने चार दिवस रोज हे केलं.

माणूस घाबरला की शहाणपणा पाजळतो. झाडाला जोर यावा म्हणून मी खत आणलं. डब्यावर लिहिलं होतं एक चमचा, मी दोन घातले. मी! दुप्पट डोस! दोन दिवसांनी पुन्हा घातले. पानांची टोकं तपकिरी झाली, मग पानं आत वळली, मग गळायला लागली. दहा-बारा दिवसांत कुंडीत एक वाळकी काठी उरली आणि शेजारी ती आइस्क्रीमची काडी. हे म्हणाले, "अगं, झाडच आहे." मी म्हटलं, "झाड नाहीये ते, अहो."

सप्टेंबरअखेर शेजारचे गृहस्थ वॉकर घेऊन आपल्या घरी परतले. मी सूप घेऊन गेले आणि सूप टेबलावर ठेवायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. तुळस, मंजिऱ्या, खत, दोन चमचे. काहीही लपवलं नाही. काडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलली, शर्टाला पुसली, वाचली आणि वरच्या खिशात ठेवली. "तुम्हाला कसं माहीत असणार," म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग थोड्या वेळाने म्हणाले, "ती असती तर हसली असती. मला मात्र हसू येत नाहीये." मी मान खाली घालून परत आले. मला माझी इतकी शरम आजवर कधी वाटली नव्हती.

ह्यांची जीभ तोवर बरीच परत आली होती. बरणीतलं तूप तळाला गेलं तरी जेवण चालू राहिलं. म्हणजे माझ्या घरचं निभावलं. त्यांच्या घरची ती मात्र दुसऱ्यांदा गेली, आणि ती माझ्या हातून.

ऑक्टोबरच्या मध्याला, बर्फ पडायच्या आत, मी गुलाबांच्या मुळाशी घालायला म्हणून निर्माल्याचा टब उघडला. आतून उबदार वाफ आली. फुलं कुजून काळी झाली होती, दूर्वा पिवळ्या. आणि मधोमध एक हिरवं रोप उभं होतं, जेमतेम बोटभर. पान एकाच बोटाचं, गोलसर, कड गुळगुळीत, जरासं पिळवटलेलं. असलं पान मी कधी पाहिलं नव्हतं. शेजारी दुसरं पान, तसलंच खुळं. मला वाटलं, झेंडूचं बी रुजलं असेल किंवा मातीतून आलेलं काही तण. उपटायला म्हणून खोड दोन बोटांत धरलं आणि ओढलं. ते आलं नाही. मुळं चांगलीच घट्ट होती. बोटं नुसती खोडावरून सरकली.

आणि लिंबाची साल.

मी बोटं नाकाला लावली. मिरी. आणि खाली, तळाशी, कैरीचा चीक.

मी ह्यांना अशी हाक मारली की ते दाढीचा साबण तसाच तोंडाला ठेवून धावत आले. "काय झालं, पडलीस का?" मी नुसती बोटं त्यांच्या नाकाखाली धरली. ते हुंगून म्हणाले, "अरेच्चा!" तसेच स्वेटर अडकवून, अर्ध्या गालावर साबण, शेजाऱ्यांना आणायला गेले. खिडकीतून मला दिसत होतं, गवतावरून वॉकर एकेक पाऊल सरकत होता, आणि मी टबाजवळून हलायला तयार नव्हते. ते रोप तेवढ्यात कुठे निघून जाईल असं मला वाटत होतं.

शेजारी आले, फळीला धरून उभे राहिले आणि त्यांनी त्या पानाकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं. "किती गोंधळलंय बिचारं," म्हणाले. झाड अंधार मोजतं, त्यांनी सांगितलं. रात्री लांबल्या की त्याला कळतं, आता दिवस थोडे राहिले, फुलायला हवं. तसं ते फुलायला लागलं होतं. मग माझ्या बोटांनी त्याचा शेंडा तोडला आणि तो ओल्या मातीत, झाकणाखाली, कधीच न मावळणाऱ्या दिव्याखाली येऊन पडला. त्याला वाटलं, रात्र संपली, पुन्हा उन्हाळा आला. म्हणून फुलायचं सोडून ते पुन्हा लहान झालं. फुललेलं झाड मागे वळून रोप व्हायला निघालं की पहिली पानं अशीच येतात, एका बोटाची, वेडीवाकडी. मग तीन बोटांची येतात, मग पाच, मग जसं होतं तसं. मी तीसेक तरी शेंडे त्या टबात टाकले असतील. एकोणतीस कुजले. हा एक परत निघाला.

मी नुसती बघत होते. मेलेल्या झाडाचं बोट धरून तेच झाड परत आलं होतं. मला हात जोडावेसे वाटले आणि मी जोडले, कुणी बघतंय का याचा विचार न करता.

"म्हणजे दिवा मी बंद केला नाही म्हणून!" हे इतक्या आनंदाने म्हणाले की साबण कानापर्यंत हलला. तेव्हापासून तो दिवा रात्रंदिवस चालू असतो आणि मला ब्र काढता येत नाही.

मी शेजाऱ्यांना म्हटलं, मोठ्या कुंडीत लावून देते, घेऊन जा. त्यांनी मान हलवली. तळघराचा जिना आता त्यांना उतरता येणार नव्हता. "इथेच राहू दे. या कचऱ्यात बरं चाललंय त्याचं."

"कचरा नाही हो, निर्माल्य आहे ते," मी फटकन म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. "पण माझ्या हातात? माझा हात कसा आहे ते पाहिलंत ना?"

"मग पाणी घालताना तो पाठीमागे धरा," म्हणाले. आजही मी तसंच करते. तुळशीच्या मंजिऱ्या झाल्या की डावा हात पाठीमागे, आणि उजव्या हाताने तांब्या.

त्यांनी वरच्या खिशात हात घातला. काडी तिथेच होती. अडीच आठवडे तिथेच होती की काय, विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनी ती काळ्या झालेल्या झेंडूंच्या मधून, रोपाला धक्का लागणार नाही अशी, हळूच खोचली. मग दोन बोटांनी त्या एवढ्याशा खोडाला चोळलं, बोटं नाकाशी नेली आणि डोळे मिटले. कपड्यांचं मशीन नुसतं घरघरत होतं.

डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, "मला भूक लागलीये."

मी स्वयंपाकघरात गेले आणि थालीपिठासाठी तवा ठेवला.